पेटीवर बसून झालेली वर्गाची ओळख

यंदा पुण्यात बीए म्युझिकच्या पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतली, विषय हार्मोनियम, आणि वर्गातल्या लोकांची ओळख कशी झाली ते लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण ती नेहमीसारखी नाव-गाव-आवडीनिवडी अशी झालीच नाही. प्रवेश परीक्षेच्या वेळी कॉरिडॉरमध्ये एकमेकांना बघितलं होतं सगळ्यांनी, पण तेव्हा जो तो आपल्या तंद्रीत, कुणी कानात हेडफोन घालून तानपुऱ्याचं ॲप ऐकतंय, कुणी मांडीवर बोटांनी तिरकीट वाजवतंय, कुणी भिंतीकडे तोंड करून खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, लावतंय. बोलणार कोण आणि कुणाशी.

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं की ओळख अशी द्यायची: नाव, गाव, पट्टी, कुणाकडे शिकलात, आणि मग दहा-पंधरा मिनिटं गा किंवा वाजवा. मार्क नाहीत. मग त्यांनी यादी बघितली, हार्मोनियम घेतलेली मी एकटीच, म्हणाले तू शेवटी, तोवर सगळ्यांच्या साथीला तूच बस. त्यामुळे पहिला आठवडाभर रोज दोघं-तिघं पुढे येऊन बसायचे आणि मी त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन. मला वाटतं त्या आठवड्यात वर्गाची सगळ्यात जास्त ओळख कुणाला झाली असेल तर मला, कारण बाकीचे ऐकत होते आणि मला प्रत्येकाच्या मागोमाग चालायचं होतं. साथीला बसलं की माणूस कुठे श्वास घेतो, कुठे घाबरतो, कुठली जागा त्याला मनापासून आवडते म्हणून तो तिथे परत परत येतो, हे सगळं बोटांना कळतं. बोलून एवढं नसतं कळलं.

पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीवर कुठे येतो ते, काळी एक, पांढरी दोन, काळी चार असं. गाणाऱ्या माणसाला पट्टी विचारणं ही आमच्यात अगदी पहिली चौकशी, तब्येत कशी आहे विचारावं तशी. मुलं साधारण पांढरी एक ते पांढरी दोनमध्ये, मुली पांढरी पाच ते काळी पाचमध्ये. कॉलेजची पेटी स्केलचेंजर आहे, की-बोर्ड सरकवला की झालं, पण माझ्या मिरजेच्या गुरुजींनी स्केलचेंजरची सवयच लागू दिली नव्हती, म्हणायचे बारापैकी कुठलीही पट्टी सा धरून वाजवता आली पाहिजे, नाहीतर गवई वेगळा आला की तू अडणार. तेव्हा कंटाळा यायचा, पण त्या आठवड्यात त्यांची रोज आठवण आली.

पहिला आला तो बीडकडचा मुलगा. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेला, जी जोग महाराजांनी 1917 साली काढली ती. पट्टी विचारली तर म्हणाला पांढरी चार. मुलगा आणि पांढरी चार म्हटल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण कीर्तनाला मागे उभं राहून टाळ-पखवाजाच्या वर आवाज न्यायचा म्हणजे असाच तापलेला आवाज लागतो, आणि त्याचा खरंच तसा आहे, खणखणीत, वरच्या साला जरासुद्धा न चिरकणारा. सरांनी विचारलं राग कुठला गाणार, तर तो शांतपणे म्हणाला, "सर मला राग नाही सांगता येणार, चाल येते." आणि त्यानं अभंग सुरू केला. दोन ओळींत माझी बोटं आपोआप कोमल गंधार, कोमल निषादावर गेली, भीमपलास होता, आणि तोही इतका स्वच्छ की आरोहात कुठे चुकूनसुद्धा रिषभ-धैवताला हात नाही. ज्याला रागाचं नावही माहीत नाही त्याचा राग शुद्ध आहे, कारण चाल ज्यांच्याकडून आली त्यांनी ती तशीच सांभाळून दिलेली. झाल्यावर मी त्याला हळूच सांगितलं की तू भीमपलास गायलास, तर त्यानं वहीत लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून तो एकेका अभंगाची चाल गुणगुणतो आणि मी राग सांगते असा आमचा उद्योग चालू आहे. वर्गात त्याला सगळे माउली म्हणतात आता.

मग कुडाळकडची मुलगी, तिचे वडील दशावतारात पेटी वाजवतात. "माझे बाबा रातभर वाजवतत, सकाळी येऊन झोपतत," हे तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं. दशावतारात संवाद बरेचसे ऐन वेळी होतात, लिहिलेलं नसतं, त्यामुळे पेटीवाल्याला नटाच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं की आता हा पद घेतोय की बोलतोय. तिनं नाट्यपद गायलं, काळी चार, आणि गाताना ती मध्येच माझ्याकडे बघायची, अपेक्षेनं, की इथे तू भर. बाबांची पेटी ऐकत मोठी झालेली, तिला माहीत होतं कुठे पेटीनं बोलायचं असतं. मला साथ करताना इतकी मोकळी जागा आजवर कुणी दिली नव्हती. तो दिवस संपल्यावर मेसमध्ये ती येऊन शेजारी बसली आणि आम्ही फक्त पेट्यांवर बोलत राहिलो, बाबांच्या पेटीचे रीड पालिताण्याचे आहेत, भाता कितीदा बदलला, पावसाळ्यात दमटपणानं पट्ट्या कशा अडकतात, असं सगळं.

तबल्याचा मुलगा गोव्याचा, फोंड्याच्या बाजूचा. तबल्याची ओळख वेगळी असते, त्याला पट्टी सांगायची नसते (म्हणजे तबल्याला सूर असतो, पण तो ठरवतो गाणारा), त्याला लागतो लेहरा. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनाची, तीनतालात सोळा मात्रांची, एक छोटी ओळ, ती पेटीवर गोल गोल वाजवत राहायची आणि त्यावर तो आपलं सगळं मांडणार, पेशकार, कायदे, रेले, तुकडे. बघणाऱ्याला वाटतं लेहरा म्हणजे काय, तेच तेच वाजवायचंय. पण लय एका केसानंही हलता कामा नये, तो आडी-कुआडीत, म्हणजे तिरक्या लयीत, गेला, उलटीकडून काही टाकायला लागला, सम (तालाची पहिली मात्रा) लपवून ठेवली तरी तुम्ही आपल्या जागेवर, आणि त्याच्या मोहात पडून ऐकत बसायचं नाही. मी चंद्रकौंसातला लेहरा धरला. तो म्हणाला "थोडा आणखी खाली धर गो," मग विलंबित धरला आणि त्यानं दिल्लीचा कायदा काढला. सुरुवातीला एकेक पलटा अगदी सावकाश, माझा अंदाज घेत, आणि त्याला जेव्हा खात्री पटली की लेहरा पडणार नाही तेव्हा जे सुटला तो! समेवर आलो की दर वेळी दोघंही एकमेकांकडे बघायचो. तोवर आमच्यात एक वाक्य धड झालं नव्हतं पण उठताना असं वाटलं की या मुलाला मी ओळखते. नंतर त्यानं गोव्याचे तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या घरात त्यांचं नाव देवासारखं घेतात. गोव्यात पेटी-तबला घरोघरी असतो हे ऐकून होते, पण तो म्हणतो पेटीवादक तुळशीदास बोरकर आमच्या बोरीचे, तेव्हा पेटीवाल्यांचा मान आम्हाला सांगू नको, आम्हाला आधीच आहे.

आता जे लिहायचंय ते मला महत्त्वाचं वाटतं. ओळखीत "कुणाकडे शिकलात" हा प्रश्न होता ना, तो सगळ्यांना सारखा नाही लागत. पुण्याच्याच एका मुलाच्या घरी तीन पिढ्या गाणं, ग्वाल्हेरची तालीम, तो दोन मिनिटं गुरूंची नावंच सांगत होता आणि ते बरोबरच आहे, त्यानं सांगायलाच पाहिजे. पण त्याच्या नंतर नंबर आला नागपूरच्या मुलीचा. ती गझल आणि सिनेमाची गाणी गाते, ऑर्केस्ट्रात गायलीय, माईकवर आवाज कसा टाकायचा हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पण गुरू कोण यावर ती गप्प. मग म्हणाली, "कोणीच नाही सर, मोबाईलवर ऐकून शिकली." वर्गात कुणी हसलं नाही, पण तिचा चेहरा उतरला तो मला शेजारून दिसला. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "मग मोबाईलवर कुणाला ऐकलंस?" तर ती म्हणाली किशोरीताई. किशोरी आमोणकरांची कुठली रेकॉर्डिंग्ज, कुठला राग, कुठल्या आलापात त्या कुठे थांबतात, ती सांगत गेली आणि मध्येच गाऊन दाखवायला लागली, आणि तिनं इतकं बारकाईनं ऐकलंय की तालीम मिळालेल्या माणसानंही मान डोलवावी. तिची गझल वाजवायला मला सगळ्यात अवघड गेली, कारण तिच्या आवाजात सगळीकडे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि पेटीत नेमकं तेच नाही. मी मग तिच्या मागे मागे स्वर न ठेवता ती जिथे पोचणार तिथेच जाऊन थांबायचं असं केलं. तिला ते आवडलं, म्हणाली तू माझ्या मधात नाही आलीस.

माझं म्हणणं असं की गावाकडून, लहान शहरांतून येणाऱ्या कितीतरी मुलांना गुरू मिळतच नाही, मिळाला तर फी झेपत नाही, आणि तरीही ती इथपर्यंत येतात. त्यांना ओळखीत नाव सांगायला नाही म्हणून त्यांचं शिक्षण झालं नाही असं समजू नये. हे मी वर्गातही बोलले.

त्या पुण्याच्या मुलानं यमन गायला. त्या दिवशी ॲप बंद करून सरांनी खरे तंबोरे काढले, मिरजेचे, मी जुळवायला बसले कारण मिरजेला शिकल्यामुळे तंबोरेवाल्यांच्या दुकानात जाऊन बसायची सवय. पंढरपूरकडून येणारे भोपळे कसे निवडतात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जव्हारी कशी घासतात, तारेखाली दोरा कुठे सरकवला की आवाज उघडतो हे बघितलंय. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा त्या गल्लीत सगळे किती खूश होते. तर तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी न लावता, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आणि यमनात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर. आता पेटीचा गंधार तो नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार येतो 400 सेंटवर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, अख्ख्या सप्तकाचे 1200) आणि तंबोऱ्यातला येतो 386 वर, म्हणजे पेटीचा 14 सेंट चढा. आकडा लहान दिसतो पण तंबोरा चांगला लागलेला असेल तर तो चढेपणा कानाला टोचतोच. गुरुजींनी शिकवलेलं होतं की अशा वेळी गवई गंधारावर ठहराव घेतो तेव्हा आपण बोट उचलायचं, नुसता सा धरायचा, गंधार तंबोऱ्याला म्हणू द्यायचा. मी तसं केलं. तो मुलगा गाता गाता थांबून वळला आणि म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुला?" घराणं, पिढ्या सगळं असलेल्या मुलानं असं विचारलं याचा मला खूप आनंद झाला, माझ्यासाठी नाही, मिरजेत एका खोलीत शिकवत बसलेल्या माझ्या गुरुजींसाठी.

शेवटी माझा नंबर. मी कुरुंदवाडची. नाव सांगितलं की कुणाला कळत नाही, नरसोबाच्या वाडीशेजारचं म्हटलं की कळतं. पण संगीताच्या वर्गात तरी कुरुंदवाड माहीत असायला हवं असं मला वाटतं आणि मी ते सांगितलंच. विष्णु दिगंबर पलुसकर 1872 साली आमच्या कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, उपचाराला मिरजेला नेलं, आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहा, सेवा करा, तो शिकवेल तेव्हा शिका. ओळखपाळख नसलेली मुलं एका वर्गात एकत्र बसून गाणं शिकतायत, वेळापत्रक आहे, परीक्षा आहे, ही पद्धत रुळली त्यात त्यांचा वाटा फार मोठा. आम्ही आठवडाभर जे करत होतो ते त्यातूनच आलेलं, त्यामुळे हे माझ्या ओळखीत सांगणं मला गरजेचं वाटलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा वर्गातल्या बहुतेकांनी दिलेल्या, मी मध्यमा पूर्ण केलीय, पण त्या परीक्षांचा उगम कुठला ते बऱ्याच जणांना नव्हतं माहीत.

मग सांगितलं की मी पेटी वाजवते, आणि साथीपुरती नाही, पेटीच शिकायला आलेय. हे वेगळं सांगावं लागतं. घरी आण्णासुद्धा म्हणाले होते, "पेटी घेऊन डिग्री करतीस, त्यापरीस गाणं घे की." मुली गायला बसतात, पेटीवर पुरुष, हे अजून आहेच. आणि पेटीलाच मुळात कमी लेखायची सवय जुनी आहे. बाहेरून आलेलं वाद्य, मींड येत नाही, स्वर बेसूर, म्हणून ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये हार्मोनियम बंदच करून टाकली होती, ती बंदी सैल झाली 1971 च्या सुमारास, तीही आधी साथीपुरतीच. म्हणजे तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही. आणि त्याच काळात महाराष्ट्रात भजनात पेटी, नाटकात पेटी, कीर्तनात पेटी, शाळेच्या प्रार्थनेला पेटी. आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी स्वतंत्र वादनाला मान मिळवून दिलेला. तक्रारी खोट्या नाहीत, 14 सेंटचं वर लिहिलंच आहे मी. पण मींड नाही म्हणून पेटी गप्प राहत नाही, तिच्याकडे श्वास आहे, भाता कसा दाबता त्यावर आवाज मोठा-लहान होतो, एकच स्वर फुलवत नेता येतो. गोविंदराव पटवर्धनांचं पेटीवरचं नाट्यसंगीत ऐका, शब्दांसकट ऐकू येतं.

वाजवायला मी दुर्गा घेतला. मुद्दाम. दुर्ग्यात गंधार नाही आणि निषादही नाही, सा रे म प ध, त्यामुळे तो सगळ्यात उघडा पडणारा स्वर वाटेतच येत नाही आणि पेटी तंबोऱ्याशी बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहते. मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात संगीतसभा होते, खाँसाहेब 1937 ला गेले, त्यांची कबर त्याच दर्ग्यात आहे. तिथे लहानपणापासून मी ऐकायला जाते आणि पहिल्यांदा पेटीचं सोलो ऐकलं तेही तिथेच, म्हणून माझ्या डोक्यात पेटीचं वादन म्हणजे ती जागा. तबल्याला गोव्याचा मुलगाच बसला. या वेळी लय त्यानं धरायची होती आणि मी सुटायचं होतं. मध्यलय तीनतालात गत घेतली, मग द्रुत, शेवटी एक नाट्यपद, आणि कुडाळची मुलगी खाली बसल्या बसल्या ते म्हणायला लागली, मग माउली मागून टाळ्या धरून, म्हणजे ओळख माझी एकटीची राहिलीच नाही. तंबोऱ्यावर नागपूरची होती.

त्यानंतर गोष्टी सोप्या झाल्या. रियाजाच्या खोल्या कमी आहेत त्यामुळे आता जोड्या पट्टीवरून लागतात, काळी चारवाल्या दोघी एका खोलीत, म्हणजे तंबोरा परत परत उतरवायला नको. सकाळचा खर्ज मुलांचा. नागपूरच्या मुलीची पट्टी सर आणि मी मिळून शोधतोय, ऑर्केस्ट्रात ती जिथल्या तिथे मूळ गाण्याच्याच पट्टीत गायची, त्यामुळे तिचा स्वतःचा सा कुठला हेच कधी ठरलं नव्हतं. काळी तीनवर सध्या बरं वाटतंय तिला, मंद्र पंचमापर्यंत आवाज छान उतरतो. पहिली मासिक बैठक गणपतीनंतर आहे. त्यात माझी साथ तिघांना आणि तबल्याला लेहरा, आणि माउली भीमपलासातला छोटा ख्याल बसवतोय, पहिल्यांदाच ख्याल, पांढरी चारमध्येच. त्याला बंदिश भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या पद्धतीत, लिहून द्यायचीय, ती आज रात्री करते.